वेचणीची पाठ आणि कण्याचे चलनशास्त्र

दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यातील मानवत, सेलू, पाथरीच्या काळ्या रानांत कापसाची वेचणी भरात येते. आणि कमरेला ओटी बांधून, झाडाच्या बुडाशी उमललेल्या बोंडांसाठी दिवसभर ओणव्या होणाऱ्या मजूर स्त्रियांकडे भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्याने शास्त्रीय दृष्टीने पाहिले, तर पाठीच्या कण्याची रचना आणि त्याचे चलन हे विषय वेगळे नाहीत, हे त्यास सहज उमगेल.

कण्यात मानेचे ७, छातीचे १२ व कमरेचे ५ मणके असून त्यांखाली एकजीव झालेल्या ५ मणक्यांचे त्रिकास्थी आणि बहुधा ४ मणक्यांचे माकडहाड असते. जन्मतः कणा मागे बाकदार असतो; मूल मान सावरू लागले म्हणजे मानेचा, आणि उभे राहून चालू लागले म्हणजे कमरेचा पुढे झुकणारा बाक आकारास येतो. मणक्याचा पुढील भाग भार वाहतो व मागील कमान मज्जारज्जूचे रक्षण करते; प्रौढ माणसात हा रज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, तेथून खाली केवळ मज्जातंतूंचा जुडगा उतरतो.

कोणत्या भागाने किती हलावे, याचा बंदोबस्त मागील लहान सांध्यांकडे असतो. मान वळविण्याचे सुमारे निम्मे काम पहिल्या दोन मणक्यांमध्येच होते. छातीच्या कण्यास पिळण्याची मुभा आहे, परंतु बरगड्यांचा पिंजरा एकंदर हालचालीस आवर घालतो. कमरेच्या सांध्यांची ठेवण अशी, की पुढे-मागे वाकणे मुबलक, पण पीळ अगदी थोडा. म्हणून ओझे घेऊन वळायचे असता पावले वळवावीत, कंबर पिळू नये.

मणक्यांमधील चकतीत मऊ गाभा आणि त्याभोवती तंतूंची चिवट कडी असतात. पुढे वाकताच चकतीची पुढची कड दाबली जाऊन गाभा मागे रेटला जातो. आणि चकतीला मागून आवरणारा अस्थिबंध कमरेत अरुंद असल्याने ती बहुधा मागे व बाजूस फुगते, व तेथील मज्जातंतूवर दाब आला म्हणजे पायात कळ उतरते. पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू जवळजवळ निष्क्रिय होतात, हे फ्लॉइड व सिल्व्हर या संशोधकांनी १९५० च्या दशकात दाखविले. तेव्हा भार अस्थिबंधांवर व चकतीवर पडतो, आणि बराच वेळ ताणलेले हे बंध काही काळ सैलच राहतात. अशा अवस्थेत उठून लगेच गाठोडे उचलले, की उसण भरण्याचा धोका वाढतो.

यास्तव ‘वाकू नका’ हा सल्ला रानात निरुपयोगी आहे. दोष वाकण्यात नसून, मध्ये विसावा न घेता वाकून राहण्यात आहे. खुब्याचे सांधे व गुडघे यांनी वाकण्याचा वाटा उचलावा, पात संपली की कंबरेवर हात ठेवून पाठ सावकाश मागे न्यावी, आणि ओझे उचलण्यापूर्वी काही क्षण ताठ उभे राहावे. १९७२ साली परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने शेतकरी स्त्रियांचे काबाडकष्ट हलके करणाऱ्या साधनांकडे लक्ष दिले आहे. त्यास भौतिकोपचाराची जोड मिळणे अगत्याचे आहे. पाठ कोठे दुखते, हे विचारण्याबरोबरच ती कोणत्या कामात, किती वेळ आणि कशी वाकते, हे विचारणारा विद्यार्थीच या जिल्ह्यास उपयोगी पडेल.