कल्याण ते वांगणी : खडीचे रंग

ट्रेन सिम्युलेटर म्हणजे संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ. खेळणाऱ्याचं लक्ष इंजिनावर असतं, पण पडद्याचा मोठा भाग जमिनीनेच व्यापलेला असतो. ती जमीन खोटी असेल, तर लोकल कितीही हुबेहूब बनवा, विठ्ठलवाडी विठ्ठलवाडी वाटत नाही. मी उल्हासनगर कॅम्प २ मध्ये राहते. दिवसा फ्लेक्स-बॅनरची डिझाइनं करते आणि रात्री कल्याण ते वांगणी हा मार्ग ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’साठी बांधते. खेळ २००१चा, पण त्याचे मार्ग ‘ओपन रेल्स’ या मोफत सॉफ्टवेअरवर आजही चालतात.

या खेळात रूळ वेगळे आणि जमीन वेगळी. रूळ, स्लीपर आणि खडीचा पट्टा एकत्र बनवलेले असतात. त्यांच्याखालच्या जमिनीला दर आठ मीटरवर एकदाच उंची देता येते. त्यामुळे खडीचा उतार जमिनीत उमटत नाही आणि खडी संपते तिथे सरळ रेघ दिसते. ती मोडण्यासाठी मी पट्ट्याच्या कडा पारदर्शक करत नेते. मग पलीकडच्या मुरमात चार-दोन खडे विखुरते, टाकळ्याची आणि घाणेरीची झुडपं लावते. इथे घाई केली की सगळं काम वाया जातं.

खडीचा फोटो ढगाळ दिवशी घ्यावा, उन्हातल्या सावल्या नंतर पुसता येत नाहीत. तोही प्लॅटफॉर्मवरूनच. रुळांत विनापरवाना उतरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे, आणि कुठलंही चित्र जिवापेक्षा मोठं नाही. माप मला रूळच देतात, कारण ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर असतं. आपल्याकडे खडी साधारण २० ते ६५ मिलिमीटरची, काळ्या पाषाणाची. चार मीटर जागा ५१२ पिक्सेलमध्ये बसवली, तर मोठ्यातला मोठा खडा जेमतेम आठ पिक्सेलांचा होतो. आकार दिसेनासा होतो, ओळख उरते ती रंगाची. हाच चौकोन जमिनीवर पुन्हा पुन्हा अंथरला जातो, त्यामुळे एखादा पांढरा दगड किंवा वेफर्सचं पाकीट फोटोत राहिलं, की ते दर चार मीटरला पुन्हा दिसतं आणि जमीन छापील चादरीसारखी वाटू लागते. असं लक्ष वेधणारं सगळं आधी काढायचं. हवं तर कचरा नंतर स्वतंत्र वस्तू म्हणून टाकायचा, प्रत्येक ठिकाणी वेगळा.

रंगाचं मात्र मला वेड आहे. नवी खडी निळसर करडी असते. ब्रेक लागताना झडणारा लोखंडाचा भुगा तिच्यावर बसतो आणि ती तांबूस होत जाते. म्हणून गाड्या थांबतात तिथे तपकिरी रंग गडद, मोकळ्या पट्ट्यात फिका. दोन रुळांच्या मधे तेलाचे काळे डाग, बाहेरच्या उतारावर तुलनेने स्वच्छ दगड. मी एकाच फोटोला हे सगळे रंग चढवते. कल्याण यार्डासाठी सर्वांत काळा संच, अंबरनाथच्या कारखान्यांच्या भिंतींपाशी धुळकट, बदलापूर सोडलं की भातखाचरांच्या बांधाला लागून मातकट.

काळ कोणता दाखवायचा, हेही आधी ठरवावं लागतं. कल्याणहून खोपोलीकडे रूळ गेले १८५६ मध्ये. उल्हासनगर त्यानंतर जवळजवळ शतकाने आलं. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिच्या बॅरकींत आलेली सिंधी कुटुंबं, आणि १९४९ मध्ये मिळालेलं हे नाव. वाफेच्या इंजिनांचा काळ हवा असेल, तर माझ्या रोजच्या ओळखीच्या भिंती, गटारं, काँक्रीटचे स्लीपर सगळं उचलून तिथे नुसतं माळरान रंगवावं लागेल.

सर्वांत अवघड आहे पावसाळा. खडी दगडांमधल्या फटींतून पाण्याला वाट देते. गाळ भरला की ती वाट बुजते, म्हणूनच रेल्वे यंत्राने खडी उपसून चाळते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हा रूळच पाण्याखाली होते. हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. पाऊस इथे जमिनीचं रूप इतकं पालटतो. पण खेळाच्या मूळ रचनेत जमिनीच्या चित्रांचा दुसरा संच ठेवायची सोय आहे ती फक्त बर्फासाठी! त्यामुळे बदलापूरपुढच्या पट्ट्याचे मी दोन स्वतंत्र मार्ग केलेत. मे महिन्यातल्या मार्गावर वाळकं गवत आणि भेगाळलेली खाचरं आहेत. जुलैच्या मार्गावर खडी ओली, जवळजवळ काळी, आणि उताराच्या कडेला गाळाची पिवळट रेघ. ती रेघ सध्या मी वांगणीपर्यंत ओढत नेते आहे.