ट्रेलर ओढायचा, तर आधी दार उघडा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली, की इथे अमेरिकेत आपल्या मराठी घरांतूनही कॅम्पिंग ट्रेलरचं बोलणं सुरू होतं. तो ओढायला पिकअप बघायला गेलं, की विक्रेता सांगतो, "ही गाडी दहा हजार पौंड ओढते." तो खोटं बोलत नाही. पण ओढणं वेगळं आणि पाठीवर पेलणं वेगळं. घोडं अडतं ते पेलण्यात.

म्हणून आधी चालकाच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारं लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, तेही त्यावर लिहिलेलं असतं. सनरूफ, फोर-व्हील ड्राइव्ह, मोठी केबिन यांनी हा आकडा घटतो. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही तो वेगळा निघतो.

समजा, लेबलवर 1500 पौंड आहेत. भरलेला ट्रेलर 7000 पौंडांचा. त्याचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं. 10 ते 15 टक्के हिचवर, म्हणजे पिकअपच्या मागच्या टोकावर येतं. 12 टक्के धरले तरी 840 पौंड. वजन पुढच्या चाकांवरही वाटून देणारी हिच घेतली, तर तिचे स्वतःचे शंभरेक. घरची चार माणसं, 600. झाले 1540! तांदळाची पिशवी, कुकर आणि मुलांच्या सायकली अजून चढायच्याच आहेत.

माहितीपत्रकातलं ट्रेलरचं रिकामं वजन हिशेबात धरूच नका. रिकामा ट्रेलर घेऊन कोण जातं? नुसती 40 गॅलनची पाण्याची टाकी भरली, तरी 330 पौंड वाढतात. आमचं मत विचाराल, तर ट्रेलर आधी ठरवावा, पिकअप मागाहून. बेरीज बसत नसेल, तर फोर्ड एफ-250 किंवा रॅम 2500 यांसारखी दणकट गाडी बघा. ती महाग पडते, रिकामी असताना हाडंही खिळखिळी करते. नाहीतर ट्रेलरच लहान घ्या.

हिचवरचा भार घटवायला सामान मात्र मागे ढकलू नका. मागे वजन वाढलं, की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. डोललाच, तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग झटक्यात वळवू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावा. हा कंट्रोलर चालकाच्या हाताशी असतो. निघण्याआधी मोकळ्या पार्किंगमध्ये तो वापरून बघा, आणि गाडी आळीपाळीने चालवणार असाल, तर दोघांनीही.