केसांची कांडी

सोलापुरांत पहिली कापडगिरणी १८७७ सालीं सुरू झाली. परंतु त्याच्या कितीतरी आधींपासून तेथील हातमागवाल्यांच्या घरीं कांड्या भरण्याचें काम चालत आलें होतें. पुरुष मागावर बसे आणि घरांतील बायका व मुलें रहाट फिरवून बाण्याचें सूत कांडीवर भरीत. हें काम ज्यांनीं केलें आहे त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ओलसर सूत कांडीवर तसेंच वाळलें, तर तें पुढें सोडवून सरळ धरलें तरी त्याच्या वळ्या लगेच जात नाहींत. सूत जणूं कांडीची आठवण धरून राहतें. विणकराच्या दृष्टीनें हा दोष होय. केस कुरळे करूं इच्छिणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीनें मात्र हाच गुण आहे, आणि बाजारांत ज्याला ‘कर्लर’ किंवा ‘रोलर’ म्हणतात ती प्लास्टिकची पोकळ नळी म्हणजे वस्तुतः केसांची कांडीच आहे.

ही वस्तु इतकी क्षुद्र दिसते, कीं ती मुद्दाम विचार करून घडवावी लागत असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. बांगड्या-टिकल्यांच्या दुकानांत ती पुडक्यानें मिळते. तुटली तर टाकून देतात. परंतु जी वस्तु अत्यंत स्वस्त असावी लागते, तीच घडविणें बहुधा अत्यंत कठीण असतें. सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्यावर अशा लहानसहान वस्तूंच्या धंद्याकडे वळावें, असा विचार करणाऱ्या कुटुंबांना तर या कठीणपणाची ओळख आधींच असलेली बरी. कारण येथें चुकीची किंमत साचा कापून झाल्यावर कळते.

प्रथम केसाचा स्वभाव पाहिला पाहिजे. सोलापूर जिल्ह्यांतील धनगर ज्या लोंकरीचें घोंगडें विणतात ती लोंकर आणि माणसाच्या डोक्यावरील केस हीं दोन्ही एकाच जातीच्या द्रव्याचीं बनलेलीं आहेत. त्या द्रव्यास केराटिन म्हणतात. त्याचे रेणू लांबलचक दोऱ्यांसारखे असून ते एकमेकांस दोन प्रकारच्या गांठींनीं बांधलेले असतात. एक गांठ गंधकाची. ती बळकट असते व औषधांवांचून सहसा सुटत नाहीं. दुसरी गांठ हायड्रोजनची. ती दुबळी, पण संख्येनें फार, आणि पाण्यानें सुटणारी. केस आपल्या वजनाच्या सुमारें तीस टक्के पाणी शोषून घेतो. त्या वेळीं तो जाडीनें सुमारें पंधरा टक्के फुगतो, लांबीनें मात्र जेमतेम एक-दोन टक्केच वाढतो. हायड्रोजनच्या गांठी सुटल्यामुळें ओला केस सहज वांकतो व ताणला जातो. १९३० नंतरच्या वर्षांत इंग्लंडांतील लीड्स येथें विल्यम अ‍ॅस्टबरी या शास्त्रज्ञानें ताणलेल्या व न ताणलेल्या लोंकरीचीं क्ष-किरणांनीं चित्रें घेऊन दाखविलें, कीं ताणल्यानें आंतील रेणूंची रचनाच बदलते. असा ओला केस नळीवर गुंडाळून तेथेंच वाळूं दिला म्हणजे सुटलेल्या गांठी नव्या जागीं पुन्हां बसतात, आणि केस वळलेला राहतो.

ज्या पाण्यानें गांठी सुटतात तेंच पाणी हवेंतहि असतें. म्हणून एप्रिल महिन्यांतील सोलापूरच्या कोरड्या हवेंत जे कुरळे संध्याकाळपर्यंत टिकतात, तेच जुलैमध्यें रत्नागिरीस तासाभरांत सैल पडतात. यांत नळीचा दोष नाहीं व स्त्रीच्या हाताचाहि नाहीं. शिवाय केस सोडल्यावर थोडा मागें उसळतो, त्यामुळें वळी नळीपेक्षां नेहमीं मोठी पडते. दोन सेंटिमीटर व्यासाची वळी हवी असेल तर नळी त्याहून बारीक घ्यावी लागते.

पाण्याऐवजीं उष्णतेचा उपयोग करण्याचा मार्गहि जुना आहे. १८७२ च्या सुमारास पॅरिसमध्यें मार्सेल ग्रातो यानें तापविलेल्या चिमट्यानें केसांस लाटा पाडण्याची रीत प्रचारांत आणली. चिमटा किती तापला हें पाहण्यासाठीं तो कागदावर दाबून पाहत. कागद तांबूस झाला तर केसहि करपणार हें उघड होतें. पुढें १९०६ मध्यें लंडनला कार्ल नेसलर या जर्मन कारागिरानें कायमचे कुरळे करण्याचा प्रयोग जाहीरपणें करून दाखविला. त्याच्या पितळी नळ्या विजेनें तापत, आणि प्रत्येकीचें वजन सुमारें नऊशें ग्रॅम असे. असल्या डझनभर नळ्यांचा भार मान कशी पेलणार? म्हणून त्या वरून दोऱ्यांनीं व प्रतिभारांनीं टांगून ठेवाव्या लागत, व बाईला तासच्या तास त्याखालीं बसावें लागे. आरंभींचे प्रयोग त्यानें स्वतःच्या पत्नीवर केले, आणि त्यांत तिचे केस जळाले. एवढें सोसण्याची त्या काळच्या स्त्रियांची तयारी होती याचें नवल वाटतें; पण आजहि कडक नळ्या डोक्यास लावून रात्रभर उशीवर तळमळणाऱ्या मुली आहेतच.

तेव्हां चांगल्या नळीचे गुण कोणते? ती हलकी पाहिजे. पोकळ आणि भोंकांची पाहिजे, म्हणजे आंतूनहि हवा खेळून केस लवकर वाळतील. सूत रंगविण्याच्या आधुनिक कारखान्यांत सूत भोंकें पाडलेल्या नळकांड्यांवर गुंडाळून त्या भोंकांतून रंग आरपार खेळवितात, तत्त्व तेंच. तिसरें, तिला कोठेंहि धार नसावी. चौथें, केसांचीं टोकें तिनें घट्ट धरावीं. कारण टोंक निसटलें कीं सगळी गुंडाळी व्यर्थ. आणि पांचवें, तिनें तेल व उष्णता सोसली पाहिजे.

या शेवटच्या गोष्टीवर प्लास्टिकची निवड अवलंबून असते. पहिलें प्रचारांत आलेलें प्लास्टिक म्हणजे सेल्युलॉइड. अमेरिकेंत जॉन वेस्ली हायट यानें १८७० च्या सुमारास तें सिद्ध केलें, व १८७२ मध्यें तें दाबानें साच्यांत भरण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्याच्या फण्या फार सुंदर होत, पण ठिणगी पडतांच भडकत. डोक्यावर माळण्यास याहून वाईट वस्तु शोधून सांपडावयाची नाहीं. आज स्वस्तांत मिळणारें पॉलिस्टायरीन दिसावयास चकचकीत व साच्यांत भरावयास सोपें आहे. परंतु तें ठिसूळ असून शंभर अंशांच्या सुमारास मऊ पडतें, आणि सतत तेल लागल्यास त्यावर बारीक तडे जातात. आपल्याकडील खोबरेल लावलेल्या केसांशीं त्याचें जमणें कठीण. १९५४ मध्यें इटलींत जूलिओ नात्ता यानें सिद्ध केलेलें पॉलिप्रॉपिलीन या कामीं अधिक योग्य. तें पाण्यापेक्षां हलकें आहे, सुमारें एकशें साठ अंशांपर्यंत वितळत नाहीं, तेलानें बिघडत नाहीं. जळतें मात्र तेंहि, आणि वितळून थेंबथेंब गळतें. म्हणून केसांत नळ्या असतां गॅसच्या शेगडीपाशीं उभें राहूं नये.

आतां साच्याकडे वळूं. कारखान्यांत प्लास्टिकचा दाणा यंत्राच्या तापलेल्या नळ्यांत वितळवितात व तो रस दाबानें पोलादी साच्यांत भरतात. रस थिजला कीं साचा उघडून वस्तु बाहेर काढतात. लहान कारखान्यांत हें यंत्र हाताच्या दांड्यानेंहि चालवितात. साच्याचे दोन भाग सरळ एकमेकांपासून दूर होतात, आणि सगळी अडचण येथेंच आहे. नळी साच्यांत उभी ठेवली तर तिची पोकळी सुटते, पण बाजूचीं भोंकें सुटत नाहींत, कारण भोंक पाडणाऱ्या खिळ्या आडव्या अडकून राहतात. नळी आडवी ठेवली तर कांहीं भोंकें सुटतात, पण मग पोकळीचा गाभा बाजूनें ओढून काढावा लागतो. त्यासाठीं सरकते भाग घातले कीं साच्याची किंमत पुष्कळ वाढते, व झिजणारे भागहि वाढतात.

यावर सोपा उपाय तुरीच्या शेंगेसारखा आहे. पिकलेली शेंग उकलली म्हणजे तिच्या दोन पन्हळी एका शिरेवर जोडलेल्या राहतात. नळी तशीच उकललेली घडवावी. दोन अर्धगोल पन्हळी शेजारीं शेजारीं, मध्यें पातळ पट्टीची बिजागरी. पन्हळीची पोकळी वर उघडी असते, आणि तिच्या तळाचीं भोंकें उभींच असतात. म्हणून सर्व कांहीं दोन सरळ भागांच्या साच्यांतून एकाच ओढीनें सुटतें. कडेजवळची भिंत जवळजवळ उभी असल्यामुळें तेथें भोंकें पाडतां येत नाहींत, पण तें बरेंच आहे. नळीला बळकटी तेथेंच लागते. थंड होतांना प्लास्टिक आकसतें व आंतील पोलादास आवळून बसतें, म्हणून उभ्या भिंतींना निदान अर्ध्या-एक अंशाचा उतार द्यावा.

या रचनेचा दुसरा लाभ पहिल्याहून मोठा आहे. शेंग मिटतांना तिच्या दोन कडांच्या ओठांत केसांचीं टोकें आपोआप धरलीं जातात. निराळी चिमटी लागत नाहीं. एका ओठास फणीसारखे लहान, बोथट दांते ठेवले म्हणजे केस आडवे घसरत नाहींत. मिटवून ठेवणारे दोन आंकडे मात्र अगदीं टोकांना असावेत, मध्यें नव्हेत, नाहींतर उघडतांना केस त्यांत गुंतून ओढले जातात. पॉलिप्रॉपिलीन लवचिक असल्यानें असे लहान आंकडे साच्यांतून ताण देऊन निघूं शकतात. गुंडाळलेली नळी डोक्याशीं राहावी म्हणून नेहमींचा केसांचा आकडा भोंकांतून खोंचला कीं पुरे.

बिजागरीची पट्टी फार पातळ पाहिजे, पाव ते पाऊण मिलिमीटरच्या अर्ध्यापर्यंत. जाड ठेवली तर ती वांकण्याऐवजीं तुटते. रस तिच्यातून आडवा वाहील अशा ठिकाणीं साच्याचें तोंड ठेवावें, आणि नळी साच्यांतून निघतांच गरम असतां दोन-चार वेळां मिटून उघडावी. त्यामुळें पट्टींतील रेणू ताणाच्या दिशेनें ओळीनें बसतात व मग ती हजारों वेळां वांकली तरी तुटत नाहीं. हें काम कामगाराच्या हातून एक दिवस चुकलें, तर त्या दिवसाचा सारा माल महिन्याभरांत तुटून परत येतो.

जाडीचा हिशोबहि करून पाहण्यासारखा आहे. नळीचा व्यास दोन सेंटिमीटर, लांबी सहा व भिंतीची जाडी एक मिलिमीटर धरली, तर भोंकें वजा जातां व आंकडे धरून वजन सुमारें तीन ग्रॅम होतें. म्हणजे किलोभर दाण्यांत तीनशेंहून अधिक नळ्या. समजा दाणा शंभर रुपये किलो आहे, तर एका नळीस तीस पैशांचें प्लास्टिक लागलें. समजा साच्याला दीड लाख रुपये पडले. एक लाख नळ्या खपल्या तर साच्याचा भार नळीमागें दीड रुपया. पांच हजारच खपल्या तर तीस रुपये! तीस पैशांच्या प्लास्टिकवर तीस रुपयांचा साचा कोण विकत घेणार? स्वस्त वस्तूचा धंदा खपावर उभा असतो, दाण्याच्या भावावर नव्हे. जाडीबद्दल आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानीं येत नाहीं. भिंत दुप्पट जाड केली तर प्लास्टिक दुप्पट लागेल एवढेंच नव्हे, तर ती थंड व्हावयास वेळ जवळजवळ चौपट लागेल. तीन सेकंदांचे बारा झाले कीं दिवसाचा माल फार घटतो.

म्हणून पोलादाला हात लावण्यापूर्वीं नमुना करावा, आणि त्याला पैसा लागत नाहीं. बोटाएवढ्या जाडीच्या कळकाचे तुकडे उभे चिरून, तापलेल्या तारेनें भोंकें पाडून, कापडाच्या पट्टीची बिजागरी चिकटविली कीं शेंग तयार होते. दीड, दोन व तीन सेंटिमीटर व्यासाचे असे नमुने घरांतील, शेजारच्या स्त्रियांच्या ओल्या केसांवर लावून पाहावे. लांब, जाड, तेल लावलेले, नुकतेच धुतलेले असे निरनिराळे केस असावेत. कोणाचें टोंक निसटतें, कोणाचा केस ओठांत तुटतो, कुशीवर झोपतां येतें कीं नाहीं, हें त्यांच्याच तोंडून ऐकावें. ज्यानें आयुष्यांत कधीं वेणी घातली नाहीं त्यानें कागदावर कितीहि सुबक आकृती काढली तरी हें त्याला कळावयाचें नाहीं.

साचा कापतांना दोन गोष्टी सांभाळाव्या. साच्याचे दोन भाग जेथें मिळतात तेथें प्लास्टिकची पातळ पापुद्र्यासारखी धार उमटते. शेंगेच्या रचनेंत ही जोडरेघ नेमकी ओठांवर, म्हणजे केस धरले जातात तेथेंच येते. म्हणून ओठाची बाहेरची बाजू चांगली गोल करून रेघ आंतल्या कडेस सरकवावी, आणि साचा झिजून धार वाढूं लागली कीं तो वेळींच दुरुस्त करावा. दुसरें असें, कीं साच्यांतील पोलाद खरवडून काढतां येतें, पण पुन्हां घालणें फार खर्चाचें. म्हणून पहिल्यानें भिंत व दांते ठरविल्यापेक्षां किंचित् बारीकच कापावे. नळी लेची वाटली तर साच्यांतील पोलाद थोडें काढून ती जाड करतां येते. आरंभींच जाड कापली तर ती बारीक करण्यासाठीं बहुधा नवा साचाच करावा लागतो.