युडॉक्ससचा वाटाड्या

प्राचीन ग्रीकांनी अज्ञात सागर धुंडाळले, असे आपण इतिहासात वाचतो. परंतु ते सागर अज्ञात कोणाला, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. आमच्याही मनात तो फार उशिरा आला, आणि तोही सिझिकसच्या युडॉक्ससची हकीकत वाचताना.

सिझिकस हे मार्मारा समुद्राच्या दक्षिण तीरावरील ग्रीक नगर. तेथील उत्सवाचा दूत म्हणून युडॉक्सस इजिप्तच्या राजसभेत, अलेक्झांड्रियास आला. तेव्हा आठवा टॉलेमी राज्य करीत होता. त्याच सुमारास तांबड्या समुद्रावरील पहारेकऱ्यांना भरकटलेल्या तारवात एक अर्धमेला मनुष्य सापडला. त्याची भाषा कोणासच कळेना. राजाने त्यास ग्रीक शिकविण्याची व्यवस्था केली. बोलता येऊ लागल्यावर त्याने सांगितले, की आपण हिंदुस्थानाहून येताना वाट चुकलो, सोबती उपासमारीने मेले. राजाने माणसे दिल्यास आपण त्यांस तिकडची वाट दाखवू.

इ. स. पूर्व 118 च्या सुमारास जहाज निघाले. युडॉक्सस त्यावर होता. तो सुगंधी द्रव्ये आणि रत्ने घेऊन सुखरूप परतला. राजाने मात्र सारा माल आपल्या कोठारात जमा केला!

या खलाशाने दाखविलेली वाट म्हणजे मोसमी वाऱ्यांचे ज्ञान असावे, असा तर्क अनेक अभ्यासकांनी केला आहे. आम्हांस तो पटतो. उन्हाळ्यात आशियाची भूमी तापते, तेथील हवा वर चढते आणि समुद्रावरून नैऋत्येचा वारा धावून येतो. हिवाळ्यात तोच क्रम उलटतो. जाताना एक वारा, परतताना दुसरा. आमच्या किनाऱ्यावरील खारव्यास हे शिकवावे लागत नाही. नारळी पौर्णिमेपूर्वी तो होडी समुद्रात लोटत नाही. पुढे पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघावे, असे सांगितले आहे. म्हणजे जहाज आपल्या किनाऱ्याला लागेपर्यंत पावसाचा जोर ओसरलेला असे. त्याच ग्रंथात भरसमुद्रातून जाणारी सरळ वाट शोधल्याचे श्रेय हिप्पालस नावाच्या सुकाणूधारकाला दिले आहे. टॉलेमींच्या काळी वीस जहाजेही सामुद्रधुनीपलीकडे धजत नसत. भूगोलकार स्ट्रेबो याच्या काळी मात्र एकट्या मायोस होर्मोस बंदरातून 120 जहाजे हिंदुस्थानास जात. हिप्पालसचे नाव राहिले. त्या उपाशी खलाशाचे नाव कोणीच लिहून ठेवले नाही. 1498 साली मालिंदीहून वास्को द गामास कालिकतला आणणारा वाटाड्या कोण, याविषयी तरी इतिहासकारांत कोठे एकमत आहे?

युडॉक्सस स्वस्थ बसणारा नव्हता. राजाच्या मृत्यूनंतर राणी क्लिओपात्रा (प्रसिद्ध क्लिओपात्रा ती ही नव्हे) हिने त्यास पुन्हा पाठविले. परतताना वाऱ्याने त्याचे जहाज आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला फेकले. तेथील लोकांना त्याने भाकरी, मद्य व सुके अंजीर दिले, बदल्यात पाणी व वाटाडे मिळविले, आणि त्यांचे काही शब्दही टिपून ठेवले. तेथेच त्यास फुटक्या जहाजाची नाळ सापडली. तिच्यावर घोडा कोरलेला होता. अलेक्झांड्रियात माल पुन्हा जप्त झाला. नाळ मात्र त्याने तेथील नाखव्यांना दाखविली. ती स्पेनच्या पश्चिमेकडील गादेस बंदराच्या कोळ्यांची, असे ते म्हणाले. तेव्हा आफ्रिकेस वळसा घालून पश्चिमेकडून पूर्वेस येता येते, असे युडॉक्ससच्या मनाने घेतले. स्वतःची सर्व मालमत्ता घालून त्याने गादेसहून मोठे जहाज काढले, आणि त्यावर वैद्य, कारागीर, इतकेच काय, गाणाऱ्या मुलीही घेतल्या! जहाज रुतले, तरी त्याने त्याच लाकडांतून दुसरे लहान जहाज बांधले. तथापि हिंदुस्थानापर्यंत पोहोचणे जमले नाही.

स्ट्रेबोला ही सारी हकीकत थाप वाटली. ब्रिटनपलीकडे गेलेल्या पिथिअसलाही त्याने खोटारडा ठरविले होते. एकटा मनुष्य तारू कसे हाकील, आणि इतक्या लवकर ग्रीक कसा शिकेल, असे तो विचारतो. पहिली शंका रास्त आहे. दुसरी, भाषा शिकविणारे म्हणून, आम्ही मान्य करीत नाही. जीव वाचविण्यासाठी मनुष्य पुष्कळ लवकर शिकतो.

युडॉक्सस आणखी एकदा निघाला. या वेळी शेतीची अवजारे आणि बियाणे बरोबर होते. प्रवास लांबल्यास वाटेतील एखाद्या बेटावर पेरणी करून हिवाळा काढावा, असा त्याचा बेत होता. पुढे काय झाले ते गादेसच्या लोकांना ठाऊक असावे, एवढेच पोसिडोनिअस लिहितो.