लिंबूटिंबूची पोचपावती

अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाच्या फुटबॉल दप्तरात रूडी रुटिगर या नावापुढे एकच कामगिरी लागली आहे. समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकून चाली चालवणाऱ्या गड्याला, त्याने चेंडूसकट एकदा लोळवलं. तारीख ८ नोव्हेंबर १९७५. एवढ्या भांडवलावर पुढे सिनेमा निघाला आणि जन्मभर पुरेल असा व्याख्यानांचा व्यवसाय उभा राहिला. त्या दुपारला पन्नास वर्षं होऊन गेली. मला मात्र तिच्याइतकंच, किंबहुना जास्तच, मोल तिच्या आधीच्या दोन हंगामांचं वाटतं, आणि नेमकं त्यांच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. डोक्याला हेल्मेट, खांद्यांवर पॅड, आणि समोरच्याला अंगाने अडवायचं, आपटायचं. या खेळात रूडी म्हणजे उंची पाच फूट सहा इंच आणि वजन पंचाहत्तर किलोच्या आसपास. समोर उभे राहणारे शंभर किलोच्या वरचे.

रूडी इलिनॉयमधल्या जोलिएट गावचा. जन्म १९४८, चौदा भावंडांत तिसरा. घर कॅथलिक, आणि नोटर डेमही कॅथलिक विद्यापीठ. त्याच्या संघावर अशा घरांचा जीव. पण पोरगा अभ्यासात ‘ढ’ गणला गेलेला. तो डिस्लेक्सिया होता हे फार उशिरा, कॉलेजात गेल्यावर कळलं. शाळेनंतर दोन वर्षं नौदलात कारकुनी, मग वीजनिर्मिती केंद्रात नोकरी. तिथे एक मित्र अपघातात गेला आणि याने सामान बांधलं. १९७२ मध्ये इंडियानातल्या साउथ बेंडच्या होली क्रॉस कॉलेजात त्याने नाव घातलं. नोटर डेम तिथून रस्ता ओलांडला की समोरच. तो रस्ता ओलांडायला त्याला दोन वर्षं लागली. तीन अर्ज परत आले, चौथा १९७४ मध्ये मंजूर झाला.

तेव्हा प्रशिक्षक होते आरा पार्सीगियन. शिष्यवृत्ती नसलेल्या साध्या विद्यार्थ्यांनीही चाचणी देऊन संघात यावं, याला त्यांचं प्रोत्साहन असे. अशा मुलांची रवानगी सरावाच्या संघात व्हायची. हा संघ शनिवारच्या सामन्यात खेळायचा नाही. येत्या शनिवारी ज्याच्याशी गाठ आहे त्याच्या चाली सोमवारपासून शिकून घ्यायच्या, त्याचं सोंग घेऊन आपल्याच मुख्य संघासमोर उभं राहायचं आणि मार खायचा. पुढच्या आठवड्यात प्रतिस्पर्धी नवा, सोंग नवं, मार तोच. गल्लीत खेळणाऱ्या पोरांत जसा एक लिंबूटिंबू असतो, तसा रूडी. फरक इतकाच की लिंबूटिंबूला कोणी जोरात मारत नाही. इथे सूट मागितली असती तर सरावच फुकट गेला असता, आणि रूडीने ती मागितली नाही. मुख्य संघातल्या धिप्पाड पोरांनी त्याला आपलं म्हटलं ते यामुळे, असं माझं मत आहे. (त्या काळात तो विद्यापीठाच्या ‘बेंगॉल बाउट्स’ या बॉक्सिंग स्पर्धेतही उतरला होता. तिथल्या तिकिटांचा पैसा बांगलादेशातल्या मिशनच्या कामाला जातो. इंडियानातल्या ठोशांचा हिशेब कुठे जाऊन लागतो पाहा!)

शेवटच्या वर्षी घरच्या मैदानावरच्या एका सामन्यात गणवेश चढवायला मिळेल, असा शब्द पार्सीगियन यांनी दिला होता. पण १९७४ च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले. नवे प्रशिक्षक डॅन डिव्हाइन यांच्यावर तो शब्द बंधनकारक नव्हता. तरीही जॉर्जिया टेकविरुद्धच्या, त्या मोसमातल्या घरच्या शेवटच्या सामन्यात रूडी ४५ क्रमांकाची जर्सी घालून बाकाशी उभा होता. सामना २४-३ असा खिशात आल्यावर अखेरच्या क्षणी त्याला आत सोडलं. आधी किकऑफ, त्यात तो नुसता धावला. मग समोरच्या क्वार्टरबॅकचा पास वाया गेला. आणि शेवटच्या चालीत रूडीने त्याला गाठून खाली पाडलं. पडणाऱ्या गड्याचंही नाव रूडीच, रूडी ॲलन. सोबत्यांनी आपल्या सत्तावीस वर्षांच्या रूडीला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेलं. त्या तीन चालींत सामन्याचं काहीच ठरायचं उरलं नव्हतं. मला तरी ती दोन वर्षांच्या माराची पोचपावती वाटते.

१९९३ मध्ये ‘रूडी’ चित्रपट आला. लेखक अँजेलो पिझो, दिग्दर्शक डेव्हिड ॲन्सपॉ, नायक शॉन ॲस्टिन. सिनेमाला खलनायक लागतो म्हणून डिव्हाइन यांना आडमुठं केलं. खरं तर रूडीला गणवेश देण्याची कल्पना त्यांचीच होती. वीजकेंद्राचा पोलाद कारखाना झाला. आणि तो गाजलेला प्रसंग, एकेक खेळाडू येऊन माझ्याऐवजी रूडीला खेळवा म्हणत प्रशिक्षकाच्या टेबलावर जर्सी ठेवतो, तो घडलाच नव्हता. त्या संघात असलेल्या आणि पुढे जगप्रसिद्ध झालेल्या जो माँटानाने हे जाहीरपणे सांगून टाकलं, तेव्हा चाहत्यांना चांगलंच झोंबलं. मला तो प्रसंग खोटा निघाल्याचं वाईट वाटत नाही. सोबत्यांनी त्याग केला असं दाखवलं की रूडी त्यांच्या दयेचा धनी होतो, आणि दया तर त्याच्या वाट्याला सरावात एकदाही आली नव्हती.

सिनेमानंतर रूडी देशभर व्याख्यानं देत फिरला. जिद्द विकता येते हे कळल्यावर ‘रूडी न्यूट्रिशन’ नावाने खेळाडूंसाठी पेयही आणलं. पेयापेक्षा कंपनीच्या शेअरचाच गाजावाजा जास्त झाला. भाव खोटा फुगवून गुंतवणूकदारांना फसवल्याचा आरोप अमेरिकी रोखे आयोगाने डिसेंबर २०११ मध्ये ठेवला. आरोप मान्य न करता आणि न नाकारताही रूडीने ३,८२,८६६ डॉलर भरून प्रकरण मिटवलं. पुढच्याच वर्षी त्याचं आत्मचरित्र बाजारात आलं, आणि व्याख्यानांची आमंत्रणं चालूच राहिली.