टोपलीतली फळं आणि लुईज म्वायों



तुमची मुलगी इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेची तयारी करत असेल, तर घरातला तांब्या, दोन वांगी, चार केळी मांडून ती चित्र काढत बसलेली तुम्ही पाहिली असेल. त्याला स्थिरचित्र म्हणतात. अशी चित्रं काढून नाव मिळवणाऱ्या एका बाईविषयी आज सांगते.

तिचं नाव लुईज म्वायों. जन्म १६१० सालचा, फ्रान्समधल्या पॅरिस शहरातला. वडील चित्रकार होते, पण ते लवकर वारले. सावत्र वडीलही चित्रकार, शिवाय चित्रांचे व्यापारी. लुईज दहा वर्षांची असतानाच तिच्या चित्रांच्या विक्रीचे पैसे कसे वाटायचे याचा घरात रीतसर करार झाला, आणि त्यात तिचाही वाटा होता. दहा वर्षांच्या पोरीच्या हाताला किंमत आहे हे तेव्हाच ओळखलं गेलं!

पण फळंच का? तेव्हा मान होता तो राजे, लढाया आणि धर्मकथांच्या चित्रांना. त्यासाठी उघड्या माणसाला समोर बसवून शरीराचा अभ्यास करावा लागे, आणि बायकांना त्याची मुभा नव्हती. फळांची टोपली मात्र घरातच, टेबलावर. पुढे १६६७ साली फेलिबियां नावाच्या फ्रेंच लेखकाने चित्रांची उतरंड लावली, तेव्हा फळाफुलांना सगळ्यात खाली बसवलं. मला काही ते पटत नाही. द्राक्षावर पांढुरका थर असतो ना, बोट लागलं की पुसला जाणारा, तो रंगाने उमटवून दाखवा म्हणावं!

हे साधतं कसं? मागची बाजू काळोखी ठेवायची आणि उजेड एकाच बाजूने घ्यायचा. म्हणजे फळाची एक कड उजळते, दुसरी हळूहळू सावलीत जाते आणि सपाट फळीवरचं फळ गोल दिसू लागतं. चेरीवर पांढऱ्या रंगाचा एक बारीक ठिपका दिला की ती चकाकते. तेलरंग सावकाश वाळतो, म्हणून एक छटा दुसरीत मिसळायला वेळ मिळतो. फळं मात्र थांबत नाहीत. स्ट्रॉबेरी किती टिकते ते महाबळेश्वरकडच्या बायकांना विचारा.

वयाच्या विसाव्या वर्षी, १६३० साली, लुईजने एक मोठं चित्र केलं. फळं-भाजी विकणारी बाई आणि तिच्यापुढे चांगल्या कपड्यातली गिऱ्हाईक बाई. मधे टोपल्याच टोपल्या. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ते आजही आहे. बाजारात बसणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही त्या दोघींमधलं बोलणं ऐकू येईल.

१६४० साली लाकडाच्या एका व्यापाऱ्याशी तिचं लग्न झालं. पुढे मुलं झाली. ती १६९६ पर्यंत, म्हणजे शहाऐंशी वर्षांपर्यंत जगली. पण लग्नानंतरची तिची चित्रं फारच थोडी सापडतात.