हॅम रेडिओला अँटेना कोणता लावावा? चौफेर की एका दिशेचा?

पूर आला, वीज गेली की मोबाईल टॉवर बंद पडतात. अशा वेळी हॅम रेडिओ कामी येतो. २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून हॅम मंडळींनी असेच निरोप पोहोचवले होते. पण सेट कितीही भारी असला तरी अँटेना चुकला, तर बोलणं पोहोचत नाही.

चौफेर अँटेना म्हणजे उभी काडी. कंदिलाच्या उजेडासारखा सिग्नल सगळीकडे पसरतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसाठी साधी काडी सुमारे ५० सेंटीमीटरची लागते. खर्च कमी, फिरवायची कटकट नाही.

एका दिशेचा अँटेना म्हणजे यागी. पूर्वी दूरदर्शनसाठी घरावर असायचा, तोच प्रकार. बॅटरीच्या झोतासारखा तो जोर एकीकडे लावतो. त्यामुळे लांबचं ऐकू येतं, पण बाजूची आणि मागची हाक निसटू शकते.

मग निवड कशी करायची? आजूबाजूच्या वाड्यांतून कोण कधी हाक देईल सांगता येत नसेल, तर चौफेर बरा. तालुक्याच्या ठिकाणासारखं एकच लांबचं ठिकाण गाठायचं असेल, तर यागी.

दोन्हींत उंची महत्त्वाची. डोंगर आडवा आला की दोन्ही अडखळतात. समोरच्याचा अँटेना उभा असेल, तर यागीच्या काड्याही उभ्याच ठेवाव्यात. विजेच्या तारांपासून मात्र लांबच राहावं.

आणि हो, दूरसंचार विभागाचा परवाना काढल्याशिवाय हॅम सेटवरून बोलता येत नाही. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. ती पावसाळ्याआधीच उरकलेली बरी.